वरून घेतलेला घोट

इटलीतल्या बोलोन्यात संध्याकाळ उतरली की सगळं शहर कमानींखालच्या बारमध्ये येऊन उभं राहतं. त्या गर्दीत आम्ही मायलेकीही एका उंच टेबलाशी उभ्या होतो. आईपुढे बशीभर ऑलिव्ह होते आणि माझ्या हातात नारिंगी रंगाच्या दारूचा ग्लास. माझे दोन-तीन घोट झाल्यावर आई म्हणाली, "बघू गं, चव तरी कळू दे."

तिने ग्लास घेतला, मान मागे टाकली आणि वीतभर उंचीवरून धार सरळ तोंडात सोडली. एक थेंब सांडला नाही. शेजारच्या टेबलावरच्या गप्पा थांबल्या. तिथल्या एका मुलीने तसंच करून पाहिलं आणि स्वतःचा शर्ट भिजवला, तेव्हा आईनेच तिला आपला रुमाल दिला. माझी मान ताठ झाली.

इथली माणसं ग्लासाला ग्लास भिडवून माया दाखवतात. आमच्या घरात ती ग्लासाला ओठ न लावण्यात असते.

"कडू जहर आहे," ग्लास परत देत आई म्हणाली. "घे, उष्टा नाही केला."

माझा उष्टा ग्लास तिला मात्र उष्टा वाटलाच नव्हता.