रवंथाला वेळ नसलेली फौज

चव्वेचाळीस सालच्या मार्चमध्ये आमची कंपनी मणिपूरच्या डोंगरात एका टेकडीवर जाऊन बसली. खाली खिंड, खिंडीतून एकच पायवाट, आणि त्या वाटेनं दोन दिवस मागं चालत गेलं की जखमींनी भरलेलं आमचं फील्ड हॉस्पिटल. मी तेव्हा नाईक होतो, दुसऱ्या सेक्शनचा कमांडर. पहाटे साडेपाचला स्टँड-टू, म्हणजे हत्यार घेऊन मोर्चात उभं राहायचं, सहाला चहा, सातला पाणी-पार्टी, आठला पेट्रोल, म्हणजे गस्त. पाणी टेकडीच्या पायथ्याला, ओढ्यातल्या झऱ्यावर. कंपनीत चौऱ्याण्णव माणसं. हुकूम साधा होता: हॉस्पिटल मागं हलेपर्यंत वाट सोडायची नाही.

हे आकडे मुद्दाम सांगतोय. सांगलीला गूळ घेऊन गेलो की पेठेतल्या दुकानात लोडाला टेकून बसलेले शहाणे मला लढाई शिकवतात. "एवढी मोठी फौज चिंदविन नदी वलांडून आली, हवालदार, आन तुमी मूठभर माणसांनी अडवली? आमाला काय सांगताय." मी चहा पितो आणि गप्प बसतो. गुळाची ढेप उचलताना ज्यांच्या कमरेत उसण भरते, त्यांना फौजेचं वजन काय कळणार? माणसं जास्त म्हणजे फौज मोठी, एवढीच यांची अक्कल. जपान्यांच्या जनरलांची अक्कलही तेवढीच होती, फक्त त्यांच्या छातीवर पदकं होती.

माझ्या सेक्शनमध्ये बिरू कोळेकर नावाचा शिपाई होता. आटपाडीकडच्या एका वाडीचा, धनगराचा. वर्षातले सहा महिने घरदार पाठीवर टाकून मेंढरांमागं हिंडलेला. बाकी आम्ही सगळे कृष्णाकाठचे, मळ्यातले, उसाच्या पाण्यावर माजलेले. आम्ही त्याला दुष्काळी म्हणून चिडवायचो. तो जेवताना भात सांडला तरी वेचून खायचा, त्यावरही हसायचो. मीही हसायचो. सेक्शन कमांडरनं हसू नये, पण हसायचो.

एका सकाळी आठला आम्ही सहा जण जमादार पवारांबरोबर पेट्रोलला निघालो. जमादार म्हणजे आमचे प्लाटून कमांडर, साताऱ्याचे, अठरा वर्षं नोकरी झालेले. दहा वीसला पुढच्या डोंगराच्या सोंडेवर पावलांचे ठसे सापडले. वाट नुसती तुडवून काढली होती. जमादारांनी गुडघ्यावर बसून ठसे पाहिले, पुढं मागं फिरले आणि म्हणाले, "हजार-बाराशे. जास्तच असतील." आम्ही रायफली खांद्यावरून उतरवल्या.

बिरू मात्र दहा पावलं मागं शेणाच्या पोवापाशी उकिडवा बसला होता. काडीनं शेण उकलून बघत होता.

मी म्हटलं, "शेण्या थापायच्यात काय रं?"

सगळे हसले. तो हसला नाही.

"नाईक, हितं या. ह्यात गवत न्हाई. बांबूचा पाला हाय, आन माती. जनावर माती खातंय."

"मग?"

"आन खुरं बगा. टोकं घासत्यात, पाय उचलत न्हाईत. मगाधरनं बगत आलोय, बसल्याची जागा कुठंच न्हाई. जनावर चरलं की बसतंय, निवांत रवंथ करतंय. तवा ते अंगी लागतंय. ह्यांनी बसूच दिलं न्हाई."

थोडं पुढं एक बैल मरून पडलेला. खांद्यावर जोखडाचा घट्टा होता, म्हणजे गाडीचा बैल. त्याच्या पाठीवर लाकडी चौकट बांधून तोफगोळ्यांच्या पेट्या लादल्या होत्या. पाठ सोलून निघालेली, जखमेत किडे. मागची एक तंगडी कापून नेलेली. दोन पेट्या ओढ्यात तशाच टाकलेल्या.

तेव्हा मला उमगलं. ही फौज आपला शिधा पायांवर चालवत आणत होती. ब्रह्मदेशातल्या कुणबटांचे बैल दाव्यातून सोडून आणलेले. बैल ओझं वाहील, वाटेत दिसेल ते चरेल, आणि भूक लागली की त्यालाच कापून खायचं. कुठल्यातरी बंगल्यात टेबलावर नकाशा पसरून कुणीतरी हे ठरवलं असणार आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या असणार. त्या टेबलाभोवती आयुष्यात एकदा बैल सोडून बांधलेला एकही माणूस नसावा. आमच्या गावातलं सात वर्षांचं पोर सांगेल की गाडीच्या बैलाच्या पाठीवर खोगीर टाकलं की तो अंग टाकतो. हजारो माणसांच्या पोटाचा कारभार हाती असलेल्यांना ते ठाऊक नव्हतं. यांना सेनापती म्हणायचं.

बिरू उठला, हात पाल्याला पुसले. "आठ दिस," म्हणाला. "लय झालं तर धा. ही जनावरं सरली की माणसं खाली बसत्यात."

दुपारी एकला टेकडीवर परतलो. कॅप्टनसाहेब वायरलेसवर होते. साहेब गोरे, वय फार तर सव्वीस, हिंदुस्थानी मोडकं बोलत, पण माणसाचं ऐकून घेत. बटालियनकडून निरोप आला तो असा: हॉस्पिटल हलायला आठ दिवस लागतील. समोर फौज मोठी आहे. पहिला हुकूम बाजूला, राहायचं की मागं यायचं ते तुम्ही ठरवा. सोळाशे वाजेपर्यंत, म्हणजे चारच्या आत कळवा. ओव्हर.

जमादारांनी सरळ सांगितलं, "साब, हजार के सामने चौऱ्याण्णव. पीछे जाना ठीक." ते भित्रे नव्हते. हिशोबी होते. मोठ्या फौजेनं दोन दिवसांत आम्हाला चिरडलं तर हॉस्पिटलही जाणार आणि आम्हीही, हे त्यांचं म्हणणं चूक नव्हतं.

मी बिरूला पुढं केलं. त्यानं जे मला सांगितलं तेच साहेबांना सांगितलं, मी हिंदुस्थानीत केलं. साहेबांनी दोनदा विचारलं, "रवंथ क्या?" मी तोंड हलवून दाखवलं. कोणी हसलं नाही.

"नाईक, तुम क्या बोलता?"

तीन तासांपूर्वी मी त्याला शेण्या थापतोस काय म्हणून विचारलं होतं. आता म्हणालो, "साब, जानवर के मामले में ये आदमी गलत नहीं बोलता."

"और गलत हुआ तो?"

"तो हम सब गया, साब."

तीन पन्नासला साहेबांनी सेट हातात घेतला. "होल्डिंग. ओव्हर." पलीकडून विचारलं, "से अगेन?" साहेब म्हणाले, "होल्डिंग. आउट." एका धनगराच्या बोलण्यावर मी चौऱ्याण्णव माणसं आणि एक हॉस्पिटल टांगलं होतं.

मोर्चे लावताना बिरू पुन्हा बोलला. "नाईक, भुकेलं जनावर गव्हाणीकडं येतंय, राखणदाराकडं न्हाई. एक ब्रेन गन कोठाराच्या मागं ठिवा." आमचं रेशन मागच्या उतारावर ताडपत्रीखाली होतं. जमादार कुरकुरले. साहेबांनी गन हलवली.

तिसऱ्या दिवशी पहाटे पाच चाळीसला पहिला हल्ला आला. आरडाओरडा भरपूर, तोफगोळे मोजके. बाकीचे गोळे ओढ्यात पडलेत हे आम्हाला ठाऊक होतं. माणसं मात्र येतच राहिली, मेलेल्यांवर पाय देऊन. त्यांच्या धाडसाला मी नावं ठेवणार नाही. आमचे सात गेले. पाचव्या दिवशी दुपारी चारला दुसरा हल्ला. या वेळी निम्मे लोक खंदक सोडून वळसा घालून सरळ कोठारावर आले. ब्रेन गन तिथं वाटच बघत होती. संध्याकाळी एक जण सापडला, आट्याच्या पोत्याला मिठी मारून मेलेला. तोंडात कोरडं पीठ. आठव्या दिवशीचा हल्ला म्हणजे हल्ला म्हणायलाही लाज वाटावी. वीस-पंचवीस जण चढण चढून आले आणि अर्ध्यावर दम लागून बसले. आमचे आणखी तीन गेले तेवढे गेलेच.

नवव्या दिवशी सकाळी दहाला बटालियन बोललं. "हॉस्पिटल क्लिअर. वेल डन. ओव्हर." समोरच्या डोंगरावर हालचाल नव्हती. ती मोठी फौज आम्ही हरवली असं मी कधीच म्हणत नाही. ती आमच्यापर्यंत आली तेव्हाच अर्धी मेलेली होती. गोळीनं मेले त्याहून जास्त वाटेवर बसल्या जागी मेले, ते पुढं आम्ही चालत गेलो तेव्हा मैलोन्‌मैल पाहिलं. आणि ज्यांनी त्यांना पाठवलं ते दोन वेळा जेवत होते.

पण झऱ्याच्या पलीकडं त्यांनी तीन बैल मागं सोडले होते. सोडले म्हणजे बांधून ठेवून गेले. वेसणीत दोर, दोर झाडाला, आणि झरा वीस पावलांवर. पाण्याचा वास येत होता, तोंड पोचत नव्हतं. नवव्या दिवसापासून ते हंबरत होते. हुकूम होता की आमच्या काटेरी तारेबाहेर कोणी जायचं नाही, पाणी-पार्टीनं झऱ्यापलीकडं पाय टाकायचा नाही. उपाशी माणसांनी बैल न कापता सोडले म्हणजे ते आमिष असणार, मागं एखादा स्नायपर, लपलेला नेमबाज, राहिला असेल, म्हणून.

बिरू दिवसभर जेवला नाही. "नाईक, बांदल्यालं जनावर हाय. मोकळं असतं तर मी कायबी बोललो नसतो."

"हुकूम माहीत हाय न्हवं?"

"व्हय, माहीत हाय."

त्यानं पुन्हा विषय काढला नाही. बांधलेल्या जनावराला पाणी दाखवल्याशिवाय आमच्याकडं घरचं माणूस तोंडात घास घालत नाही. हे त्याला जेवढं ठाऊक तेवढंच मला.

दहाव्या दिवशी सकाळी सातला पाणी-पार्टी उतरली. एस्कॉर्ट माझं सेक्शन. माणसं पखाली भरत होती. बिरू माझ्या उजव्या हाताला होता. त्यानं माझ्याकडं एकदा पाहिलं आणि झरा ओलांडला. वीस पावलं. मी पाहत होतो. 'थांब' एवढा एकच शब्द बोलायचा होता, तो मी बोललो नाही. बैलांचा तो आवाज मलाही सहन होत नव्हता, म्हणून बोललो नाही. त्यानं पहिला दोर कापला. दुसरा कापला. तिसऱ्याला हात घातला आणि गोळी वाजली, एकच.

आम्ही स्नायपरला तिथंच टिपलं. त्याला पळता आलंच नसतं. अनवाणी पाय सुजलेले, पिशवीत सालासकट भाताचे दाणे आणि उकडलेलं गवत. वय वीसच्या आत. मी त्याच्यावर थुंकणार होतो, पण तोंडाला कोरड पडली होती. थुंकायचं तर ज्यांनी त्याला तिथं बसवलं त्यांच्यावर.

जमादार वरून ओरडत होते, मागं फिरा म्हणून. मी बिरूच्या हातातला चाकू घेतला आणि तिसरा दोर कापला. मग त्याला खांद्यावर घेतलं. साहेबांनी मला आपल्या खंदकात उभं केलं, हुकूम मोडल्याबद्दल विचारलं. मी म्हणालो, चूक माझी. साहेबांनी पेन्सिल उचलली. रिपोर्टमध्ये लिहिलं की शिपाई कोळेकर पाण्याच्या जागेचं रक्षण करताना मारला गेला.

शेहेचाळीस साली मी घरी आलो. पंधरा दिवसांनी विट्यापर्यंत मोटारीनं आणि पुढं चालत बिरूच्या वाडीवर गेलो. त्याचे वडील मेंढरं कोंडायच्या जाळीशेजारी, वाघुरीशेजारी, लोकर निवडत होते. मी ओळख सांगितली. पाणी दिलं, भाकरी दिली, मगच बोलले.

"मास्तरनं कागूद वाचून दावला. पाण्यावर पडला म्हनं. ते कसं काय?"

मी सगळं सांगितलं, शेणापासून. ते लोकर निवडत ऐकत होते.

"किती हुती जनावरं?"

"तीन, आबा."

"सुटली?"

"दोन त्यानं सोडली. तिसरं मी."

"पाणी प्याली?"

"प्याली. पोटभर."

त्यांनी पटक्याच्या शेवानं डोळे पुसले. मला तेवढ्यावर उठून येता आलं असतं. पण मी म्हणालो, "आबा, मी त्याला थांब म्हणालो न्हाई."

"म्हणाला असता तर थांबला असता व्हय त्यो?"

माझी सुटका व्हावी म्हणून म्हातारा असं बोलला, हे मला कळलं. पण खोटं बोलवेना. "थांबला असता, आबा. हुकूम मोडायला त्याला माझं गप्प बसणंच पायजे हुतं."

त्यांनी लोकर पुन्हा पुढ्यात ओढली. संध्याकाळी मला वेशीपर्यंत पोचवायला आले.

आता ते नाहीत. वाडीच्या विहिरीजवळ त्यांनी जनावरांसाठी दगडी डोण बसवून घेतली होती, ती आहे. वर्षातून एकदा मी माझी बैलजोडी घेऊन जातो, तिथं पाणी पाजतो आणि परत येतो. सांगलीच्या पेठेतल्या शहाण्यांना हे सांगत नाही, त्यांना फौजेचे आकडे पुरेत. त्या टेकडीवर आमची अकरा माणसं राहिली. दहांच्या गावांत त्यांची नावं दगडावर आहेत. डोणीवर नाव नाही, म्हणून इथं लिहितो: शिपाई बिरू कोळेकर, दुसरं सेक्शन.