गच्चीवरचं पन्हाळं

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी बेळगावात एका कॉलेजात फिजिक्स शिकवत होते. प्रयोगशाळेत उन्हावर वीज तयार करणारा, तळहाताएवढा एक सौरघट होता. आरशानं ऊन त्याच्यावर पाडलं की वीज वाढायची; पण सूर्य सरकायचा आणि मी तासावरून येईतो झोत भलतीकडेच गेलेला असायचा. आरसा फिरवणारं यंत्र आम्हाला परवडणारं नव्हतं. न फिरवता ऊन गोळा करता येईल का, या विचारानं मला स्वस्थ बसवेना.

शेवटी जवळच्या मच्छे गावातल्या कारखान्यातून चकचकीत पत्रा आणला. अनगोळ भागातल्या माझ्या घरी लाकडी साच्यावर वाकवून त्याचं पन्हाळं केलं: तोंड रुंद, तळ अरुंद, तळाशी घट. ते पूर्व-पश्चिम ठेवून तोंड थोडं दक्षिणेकडे कलवलं, की सूर्य सरकला तरी बाकदार भिंतींवरून ऊन तळाशीच उतरणार, असा हिशोब होता.

तेव्हा माझे वडील, आप्पा, माझ्याकडे राहायला होते. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत हमाली करून त्यांनी मला शिकवलं होतं. आता रिकामं बसणं त्यांना सोसत नव्हतं. रोज निपाणीला परत जायचं काढायचे. मी सारखी गच्चीवर जातेय बघून ते म्हणाले, "ह्येला फिरवायला माणूस लागत न्हाय म्हंतीस. मग तू का फिरतीस वर-खाली?"

पहिल्या दिवशी मीटरचा काटा झपकन चढला. दुपारी मात्र व्होल्टेज उतरत गेलं. घटाला हात लावला आणि झटकन मागं घेतला. ऊन वाढवलं होतं, तशी उष्णताही; आणि घट तापला की व्होल्टेज पडतं. रात्रभर डोळा लागला नाही. सकाळी घटाच्या पाठीला पाण्याचा चपटा डबा जोडला आणि कॉलेजला गेले. फळ्यासमोर उभी होते, पण लक्ष गच्चीवर होतं.

संध्याकाळी घरी आले तेव्हा आप्पा दारातच होते.

"दुपारी काटा उतरला का?" मी विचारलं.

"दुपारभर गच्चीवर छत्री घिऊन काट्याकडं बघत बसलतो. पन्हाळ्याला हात लावला न्हाय. ऊन कललं तवा काटा खाली आला, त्येच्या आधी न्हाय."

मी तिथंच पायरीवर बसले. आप्पांनी पाण्याचा तांब्या पुढं केला आणि म्हणाले, "आता मला उद्याच्या गाडीत बसीव."

या वेळी मी त्यांना अडवलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांना गाडीत बसवून स्टँडवरून परतताना मात्र मनात दुसरंच सुरू झालं होतं: पावसात पत्रा काळवंडू नये म्हणून पन्हाळ्यावर काच कशी बसवायची?