आरवणारी कोंबडी

आमच्या पिंपळवंडीच्या घरी एक तांबडी कोंबडी होती. दिवाळीनंतर तिने अंडी घालणं बंद केलं. मग तिचा तुरा वाढला, पायांना मागून नख्या फुटल्या, आणि एके दिवशी पहाटे ती कोंबड्यासारखी आरवली.

मी तेव्हा पुण्याहून सुट्टीला आले होते. प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करत होते. माझ्या शिक्षणासाठी दादाने दहावीनंतर शाळा सोडली आणि शेत हातात घेतलं. आमच्या घरात पदवी मी घेतली, पण तिच्यातला मोठा वाटा त्याचा आहे. हे मी कधीच विसरले नाही.

आईने आरवणं ऐकलं आणि हातातला तांब्या खाली ठेवला. "कोंबडी आरवली की घरातला कर्ता जातो," ती म्हणाली. वडील जाऊन चार वर्षं झाली होती. आता कर्ता दादाच.

"आता फेटाच बांधतो हिला," दादा हसून म्हणाला. "गावात मिरवू."

"हसू नगं. उसात जातोस तू. वाघ हाय तिथं."

आमच्याकडे बिबट्याला वाघच म्हणतात. त्याच महिन्यात शेजारच्या वस्तीवरची दोन वासरं गेली होती. त्यामुळे आईला खुळी म्हणायची माझी हिंमत झाली नाही. कोंबडी का आरवते, त्याचं कारण मला ठाऊक होतं. तरीही कोंबडी आरवली की माझी नजर आधी दादाकडे जायची.

अशी कोंबडी घरात कापत नाहीत, खात नाहीत. गावाच्या शिवेबाहेर सोडून येतात. आईने तोच हट्ट धरला. तिने दोन दिवस धड घास खाल्ला नाही. तिसऱ्या दिवशी दादा रानातून आला तोच पिशवी घेऊन. "चल, टाकून येतो एकदाची. नायतर म्हातारी जेवायची न्हाई."

दिवस कलला होता. त्याला एकट्याला जाऊ देणं मला जमेना, म्हणून मीही निघाले.

शिवेकडे जायची वाट कालव्याच्या कडेने आहे. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला डोक्यावर गेलेला ऊस. त्या वाटेवर आमची माणसं मोबाइलवर मोठ्याने गाणं लावून चालतात. माणसाची चाहूल लागली की वाघ बाजूला होतो, असं सगळे मानतात. दादानेही गाणं लावलं. निम्म्या वाटेवर बॅटरी संपली आणि गाणं बंद पडलं.

त्याच वेळी पिशवीतली कोंबडी आरवली.

पुढे कालव्याच्या वळणावर टिटव्या एकदम ओरडत उठल्या. खाली काहीतरी चालत असलं की त्या तशा उठतात, हे आम्हा दोघांनाही लहानपणापासून माहीत होतं. उसाची पाती सळसळली. वारा नव्हता.

वनखात्याचे लोक वाघासाठी पिंजरा लावतात, तेव्हा आत कोंबडी नाहीतर शेळी ठेवतात. आम्ही कोंबडी पिशवीत घालून त्याच्या दारात आलो होतो. दादाच्याही तेच मनात आलं असावं.

"टाकू का हिला हितंच?" त्याने हळू विचारलं.

मी मान हलवून नको म्हटलं. टाकली तर वाघ तिच्यामागे वाटेवर येईल, आणि वाटेवर आम्हीच होतो.

"पळू नगं. पाठ दाखवू नगं," दादा म्हणाला. "बोल. मोठ्यानं बोल. कायबी."

"काय बोलू?"

"तुझ्या कालेजातलं बोल!"

आणि मी ओरडून बोलायला लागले. वळणावरच्या उसाकडे तोंड करून, मागे मागे पाऊल टाकत. कोंबडीला चालतं अंडाशय एकच असतं, डाव्या बाजूचं. ते आजाराने बिघडलं की उजवीकडचा निजलेला भाग जागा होतो आणि नराचे हार्मोन सोडायला लागतो. ते रक्तातून मेंदूपर्यंत जातात आणि मेंदू आरवायला लावतो. "अजून!" दादा ओरडला. मग मी दयाळ पक्ष्याचं सांगितलं. वसंतात दिवस मोठा होतो, नराच्या अंगात हार्मोन वाढतात आणि तो गायला लागतो. काही पक्ष्यांमध्ये मेंदूतला गाण्याचा भागच तेव्हा फुगतो, हंगाम सरला की आक्रसतो. कॅनरी नावाच्या गाणाऱ्या पक्ष्याच्या मादीला तेच हार्मोन दिले तर तीही गाते. माझा आवाज चिरकत होता. परीक्षेत मी हे इतकं सलग कधी लिहिलं नव्हतं.

दादा मध्ये मध्ये "बरं! मंग?" असं मोठ्याने विचारत होता. पिशवी त्याने छातीशी धरली होती.

गावच्या मंदिराच्या दिव्यापाशी आलो तेव्हा दादाने पिशवी छातीपासून खाली घेतली. तो म्हणाला, "म्हंजी आजारी हाय व्हय ती?"

"हो."

"मंग आईला सांगायचं ना आधी."

घरी आईने पिशवी हलताना पाहिली आणि ती उंबऱ्यातच बसली. दादाने वाटेत काय झालं ते सांगितलं. तिने पुन्हा शिवेचं नाव काढलं नाही. कोंबडी खुराड्यात राहिली.

पण भीती काही गेली नाही. पहाटे ती आरवते आणि आई अंथरुणातूनच हाक मारते, "हाईस का रं?"

मला सगळी कारणं ठाऊक आहेत. तरीही सुट्टीला घरी असले की मी अंधारात डोळे उघडे ठेवून पडते, पलीकडच्या खोलीतून "हाय, हाय" ऐकू येईपर्यंत. दादा उसाला पाणी धरायला लवकर गेलेला असला, तर ते ऐकू येत नाही. मग आई दाराशी जाऊन उभी राहते, आणि मी तिच्या शेजारी.