कट आमचा, नाव नानांचं

नाना गेल्याचं मला मिलमध्ये कळलं. डाळीच्या मिलमध्ये मशिनं सुरू असली की फोन ऐकू येत नाही. बाहेर येऊन पाहिलं, तर शेजारच्या पाटलांचे सात मिस्ड कॉल. उलट फोन लावला. "सुधाकर, लवकर ये. नानांना डंपरनं उडवलं... आपल्या कटवरच." मी म्हटलं, शक्यच नाही, आत्ता तर त्यांनीच मला रस्ता ओलांडून दिला! "नीट जाय रे भाऊ," म्हणाले होते. त्याला अर्धा तासही झाला नव्हता. आज या गोष्टीला दीड महिना होतोय. माणूस गेला तो गेलाच, पण त्यांच्या नावाला एक खोटा आळ चिकटला आहे आणि तो चिकटवणारा मी आहे. म्हणून लिहायला बसलो.

आमची वसाहत जळगावच्या हायवेपलीकडे. कागदावर सुखकर्ता नगर, रिक्षावाल्यांच्या तोंडी नुसतं 'पल्याड'. "पल्याड नाही जमणार साहेब, रिकामं परतावं लागतं." नानांनी प्लॉट घेतला तेव्हा तिथे कपाशी उभी होती. ते रेल्वेत गेटमन, भुसावळकडच्या एका फाटकावर. तिथे उड्डाणपूल झाला, फाटक कायमचं बंद झालं आणि त्याच वर्षी नाना रिटायर झाले. आमच्याकडचं पहिलं घर त्यांचं. त्यांच्या पत्नी, आमच्या अक्का, सांगतात, पहिली दोन वर्षं शेजार म्हणजे बाभळी आणि साप. मग आम्ही आलो, मग कुणी धुळ्याचे, कुणी गाव सोडून आलेले, आणि बघता बघता गल्ल्या झाल्या, गणपती मंडळं दोन झाली, त्यांची भांडणंही झाली. पण शाळा, बाजार, दवाखाना, एसटी स्टँड, स्टेशन सगळं अलीकडे. रस्ता दोनपदरी होता तोवर जरा थांबलं की ओलांडता यायचा.

हायवे चौपदरी होणार म्हटल्यावर आम्ही पेढे वाटले. खरंच वाटले, मूर्ख लेकाचे! प्लॉटला भाव येणार याचाच आनंद. नाना तेवढे पेढा हातात धरून म्हणाले, "पण पाई चालणारा कोठून जाई रे?" आम्ही हसलो. रस्ता झाला आणि मधे कमरेएवढा दुभाजक उभा राहिला. पलीकडे जायला बोगदा, तो एक किलोमीटर खाली, पावसाळ्यात गुडघाभर पाण्यात. समोरच्या दुकानाची पाटी ओट्यावरून वाचता यायची, पण साबणाची वडी आणायची तर जाऊन-येऊन चार किलोमीटर. नानांनी स्वतःच्या हातानं अर्ज लिहिले, एकामागून एक. हायवेच्या ऑफिसातले साहेब दर वेळी म्हणायचे, प्रस्ताव वर पाठवलाय. वर म्हणजे कुठे, ते आम्हाला कधीच कळलं नाही.

शेवटी मीच म्हटलं, फोडू या. मिलमध्ये रोज दहा मिनिटं उशीर, मालकाची बोलणी, वैतागलो होतो. नानांना सांगायला गेलो तर ते चिडलेच. "बंद म्हंजे बंद. फाटक कोणी हातानं उघडस का? उघडं तर मानसं मरतीन." मी म्हटलं, नाना, ही रेल्वे नाही. मे महिन्यातल्या एका रविवारी भर दुपारी, जळगावात रस्त्यावर कुत्रंही नसतं तेव्हा, आम्ही चौघांनी पहारीनं दुभाजक फोडला. पहिला घाव माझा. हायवेवाले दुभाजकातल्या अशा फटीला 'कट' म्हणतात. आमचा तर दोन्ही अर्थांनी कट होता.

नाना आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. नवव्या दिवशी सकाळी सातला बघतो तर म्हातारा कटवर उभा! इस्त्रीचा खाकी शर्ट, एका हातात लाल झेंडी, दुसऱ्या हातात हिरवी. लोकांना गोळा करून थांबवायचे, वाहनांना लाल दाखवायचे, मग सगळ्यांना एकदम पलीकडे सोडायचे. नऊपर्यंत हेच. मी थट्टा केली, "नाना, पगार किती?" तर म्हणाले, "उघडं तुम्ही. आते संभाळाले कोनी तरी पाहिजे का नही?" पुढची तीन वर्षं त्यांनी एक दिवस चुकवला नाही. नातीच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा सकाळचे दोन तास कटवर.

त्यांची एकच चूक झाली, आणि ती आयुष्यभर फाटकावर काढलेला माणूसच करू जाणे. लाल झेंडी दाखवली की गाडी थांबते, हे त्यांच्या अंगात भिनलं होतं. रेल्वे थांबते हो! वाळूचा डंपर थांबत नाही. पाटलांनी डोळ्यांनी पाहिलं. चार बायका मधोमध होत्या, डंपर अंगावर येत होता, आणि नाना मागे सरलेच नाहीत. झेंडी वर धरून तसेच उभे राहिले. बायका वाचल्या.

पोलीस आले. पहिला प्रश्न, "हा दुभाजक कोणी फोडला?" चौघांपैकी दोघं तर घरातच जाऊन बसले. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं आणि माझ्या तोंडून निघालं, "इथलं सगळं नानाच बघायचे." तेवढंच. नाना तिथेच, चादरीखाली. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, मृतानेच दुभाजक फोडला होता. दहाव्याला लोक कुजबुजत होते, करावं तसं भरावं. अक्का तिथेच बसल्या होत्या. त्यांना ऐकू गेलं, मी पाहिलं. आणि तरी मी जेवून आलो... लाज वाटते लिहिताना.

गेल्या आठवड्यात धीर करून अक्कांकडे गेलो. त्या मेथी निवडत होत्या. सगळं सांगितलं. त्यांचा हात थांबला नाही. "माले ठाऊक शे, भाऊ. त्यासनी तव्हाच सांगं व्हतं. म्हने, सुधाकरनं नाव कोठे काढू नको, त्यानी नोकरी जाई." मला रडू फुटलं. त्यांनी मला रडू दिलं, समजूत काढली नाही. मग म्हणाल्या, "मन्हापुढे रडीसन काय उपेग? ज्यासले खोटं सांगं, त्यासले जाईसन सांग."

दुसऱ्याच दिवशी पोलीस ठाण्यात गेलो. हवालदार म्हणाले, "काका, कागद पुढे गेलेत, आता कशाला उकरता?" मी दोन तास बसलो. त्यांनी चहा दिला, जबाब घेतला नाही. कटवर आता लोखंडी पट्ट्या ठोकल्या आहेत; परवा पाहिलं तर एक पट्टी कुणीतरी वाकवलेली.

ज्या पेपरात नानांचं नाव तसं छापून आलं, त्याच पेपराच्या पुरवणीकडे हा लेख पाठवतो आहे. संपादकांना विनंती, काटछाट करायची तर वरचं हवं तेवढं कापा, एवढं ठेवा. दुभाजकावर पहिली पहार मी मारली. नाना नको म्हणत होते.