कानातला मणी

मी विज्ञानकथा लिहितो, दिवाळी अंकांपुरत्या. माझ्या कथांतली माणसं कानात एक मणी घालतात आणि परग्रहावरच्या लोकांशी खुशाल गप्पा मारतात. मणी नसता तर नायक भाषा शिकता शिकताच म्हातारा झाला असता आणि कथा पहिल्या पानावर अडली असती.

बायको हस्तलिखित वाचायची आणि नेमकं तिथेच बोट ठेवायची. ती बेंगळुरातच वाढलेली, इथल्या जुन्या मराठी घरातली.

"कधी न ऐकलेली भाषा तुमच्या मण्याला पहिल्याच दिवशी कशी कळते? मला कन्नड यायला गल्लीत दहा वर्षं खेळावं लागलं."

मी चिडून ध्वनींचं गणित वगैरे सांगायचो.

"आणि दोघांचं जसंच्या तसं सांगतो?"

"जसंच्या तसं."

"सरी," ती कन्नडमध्ये 'बरं' म्हणायची. "मग तुमच्या ग्रहांवर लढाया होणारच."

मी पुण्याहून नोकरीसाठी आलो आणि प्रयोगशाळेतल्या इंग्रजी-हिंदीवर तीस वर्षं काढली. माझं कन्नड 'स्वल्प'च्या पुढे सरकलं नाही, याची लाज वाटते. मल्लेश्वरमला आमच्या खालच्या मजल्यावर अण्णा राहतात. पीन्या या औद्योगिक भागातल्या कारखान्यात लेथवर त्यांचं आयुष्य गेलं, आणि त्यांना फक्त कन्नड येतं. रोज संध्याकाळी त्यांच्या व्हरांड्यात आमची कॉफी व्हायची. बायको मध्ये बसून याचं त्याला, त्याचं याला सांगायची.

मी मुळात तापट. तिला शब्द सापडायला क्षणभर उशीर झाला की खेकसायचो, "साधं वाक्य आहे, सांग ना पटकन." मग अण्णा माझ्याकडे बघून गंभीरपणे काहीतरी बोलायचे.

"काय म्हणतात?"

"गार वारा सुटलाय, स्वेटर घालत जा म्हणतात."

"घालीन म्हणावं."

ती ते कन्नडमध्ये सांगायची आणि अण्णा समाधानाने मान हलवायचे. किती काळजी करतो हा माणूस, असं मला वाटायचं.

गेल्या वर्षी ती गेली. त्यानंतर कॉफी चालू राहिली, पण मुक्याने. शेवटी मुलीने माझ्या फोनवर भाषांतराचं ॲप घालून दिलं. दुःखातही मी हरखलो. माझा मणी खरा झाला होता, आणि ते सांगायला नेमकी तीच नव्हती.

पहिल्या संध्याकाळी मी फोन अण्णांपुढे धरला. बऱ्याच दिवसांचं साठलेलं असावं, ते सावकाश, थांबत थांबत बोलले. फोनमधली बाई सपाट मराठीत म्हणाली, "तुम्ही बायकोवर ओरडायचात ते मला सहन होत नव्हतं. मी दर वेळी तुम्हाला तोंडावर सांगितलं. पण तुमचं मन मोठं. दर वेळी तुम्ही चूक कबूल केलीत, तिच्यासमोर."

मला आधी काही कळेना. मग स्वेटर आठवला.

माझा ओरडा खाऊन, अण्णांची बोलणी माझ्यापर्यंत न येऊ देता, माझ्या वतीने तीच माफी मागत होती. तिची माफी, तिच्याच तोंडून. मला शरमेने वर बघवेना.

फोन तोंडाजवळ नेला आणि म्हणालो, "चुकलो." हा शब्द मी तिला एकदाही म्हटलेला नव्हता.

फोनने तो कन्नडमध्ये सांगितला. अण्णांनी माझ्या हातावर थोपटलं आणि ते काहीतरी पुटपुटले.

"आता पुरे," फोनमधली बाई म्हणाली, "हे तुम्ही किती वेळा सांगितलंय."