परसात पुरलेल्या तारा

माझा थोरला भाऊ जहाजावर रेडिओ ऑफिसर होता. हॅम रेडिओचा, म्हणजे घरच्या सेटवरून दूरदूरच्या लोकांशी बोलायचा, नाद मूळचा त्याचा. तो त्यानं मला लावला, लायसन काढायला लावलं आणि स्वतः समुद्रावर निघून गेला. न्हावऱ्याजवळच्या आमच्या वस्तीवर फोन नव्हता. गावातल्या पीसीओवर त्याचा फोन यायचा, पण निरोप मिळून आई तिथवर पोचेपर्यंत कट झालेला असायचा. दोन वर्षं तिनं त्याचा आवाज ऐकला नव्हता.

म्हणून मी परसात अँटेना उभी केली. अँटेना म्हणजे काय, तर एक उभा पाइप. खरं काम जमिनीखाली. पाइपाच्या बुडापासून चारी बाजूंना तांब्याच्या तारा पुरायच्या, चाकाच्या आऱ्यांसारख्या. त्याशिवाय आवाज लांब जात नाही. नवी तार परवडते कुणाला! दौंडच्या मोटार रिवाइंडिंगवाल्याकडून जळक्या मोटारींची आणली. तारा जाणार होत्या आईच्या मेथी-कोथिंबिरीच्या वाफ्यांतून. मी चाचरत सांगितलं, तर ती खुरपं घेऊन स्वतःच चर उकरायला बसली.

जमिनीत ओल असली तर बरं, असं मी एकदा बोलून गेलो. तेवढंच तिनं धरून ठेवलं. उन्हाळा होता, पाणी टँकरचं. तरी भांडी विसळलेलं, अंघोळीचं, सगळं पाणी ती तारांना घालायची. भावकीतल्या बायका विचारायच्या, काय पेरलंय गं इथं? मी चिडायचो, पण ऐकेल तर ती आई कसली.

रविवारी संध्याकाळी आमची वेळ ठरलेली. भावाचा आवाज यायचा, पण खरखरीत बुडालेला. लायसन माझं, त्यामुळं आईनं बोलायचं नाही, नुसतं ऐकायचं. एकदा ती कान लावून बसली आणि म्हणाली, "काय म्हणला ते कळलं न्हाई. पर त्याला खोकला हाय." मग बादली घेऊन परसात गेली.

आई वारली तीही रविवारीच, पहाटे. शेवटची अंघोळ परसातच घातली. भावाच्या कंपनीला कळवलं, पण निरोप जहाजावर कधी पोचेल ते कुणी सांगेना. दुपारी मी अग्नी दिला. संध्याकाळी रेडिओपुढं बसलो, तर भावकी कुजबुजली की घरात सुतक आणि ह्याला नाद सुचतोय. मी सेट चालू केला.

त्या दिवशी त्याचा आवाज शेजारच्या खोलीतून यावा तसा आला. मी नुसती हाक दिली आणि तो आनंदानं म्हणाला, "आज लई स्वच्छ येतंय. आईला जवळ बसव, मी तिच्याशी बोलतो."

रेडिओवर एक जण बोलत असला की दुसऱ्याला मध्ये तोंड घालता येत नाही. तो बोलत राहिला. खोकला गेला, म्हणाला. पुढच्या महिन्यात सुट्टीवर येतोय, गुडघ्यांना लावायला तेल आणतो, आणखी काय आणू? मला त्याचा राग येत होता, की कधी नव्हे तो आजच एवढा का बोलतोस. शेवटी तो थांबला.

मी माइकचं बटण दाबलं. "दादा, आई गेली. आज पहाटं."

आता बटण सोडायचं होतं, म्हणजे त्याचं मला ऐकू आलं असतं. अंगठा उचलेना.