अंधारात तोंड ओळखणारा कॅमेरा

किस्से शोधायला लागत नाहीत. चार कंपनीवाल्यांना एकत्र बसवा आणि एक वस्तू निवडायला सांगा. महिनाभरात किस्से एवढे जमतात की कुठला आधी सांगू आणि कुठला नंतर, असं होतं!

आम्ही थेरगावातल्या एका गल्लीत राहतो. मी थोडंफार लिहितो, म्हणून गल्लीत मला लेखक म्हणतात. मागच्या थंडीत आम्ही गल्लीसाठी कॅमेरा निवडला. हो, एकच! मुख्य रस्त्यावर जिथे कंपनीची बस थांबते, तो कोपरा रात्री दिसावा एवढंच काम. कोपऱ्यावर दिवा आहे, पण तो स्वतःपुरताच जळतो.

आमच्या शेजारच्या तात्यांची पल्लवी चाकणला एका कंपनीत लाइन लीडर झाली आणि तिला सेकंड शिफ्ट लागली. म्हणजे उतरणार मध्यरात्रीनंतर आणि गल्ली चालत येणार. त्याच आठवड्यात कोपऱ्यावर एका बाईंच्या गळ्यातलं मंगळसूत्र खेचलं गेलं. तात्या इथले मूळ गावकरी. शब्दाला एकदम पक्के. त्यांनी सगळ्यांसमोर जाहीर केलं, "म्हैनाभर जा. तवर त्या कोपऱ्यावरच्या माणसाचं त्वांड वळखू यील आसा क्यामेरा बसला तर ठीक. न्हाईतर राजीनामा. मी काय रातच्याला वाट बघत बसणार न्हाई. मी नवाला आडवा होतो!"

पल्लवी आमच्याकडे वळून म्हणाली, "काका, महिना आहे. बघा आता तुम्हीच."

*

गल्लीत आधीपासून एक कॅमेरा होता. मंगळसूत्राच्या दुसऱ्या दिवशी त्याचं फुटेज बघायला सगळे जमले. काळ्या पडद्यावर एक पांढरा गोळा आला, दुसऱ्या पांढऱ्या गोळ्याजवळ थांबला आणि निघून गेला.

आमचे जाधवभाऊ मूळचे लातूरचे, चाकणला क्वालिटीत आहेत. ते चष्मा पुसून पुसून बघत होते. शेवटी म्हणाले, "ह्यातला चोर कोणता न् बाई कोणती, एवढं तरी सांगा की राव!"

ज्यांचं मंगळसूत्र गेलं त्या बाई मागेच उभ्या होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "मलाही नाही सांगता येत."

*

मग जाधवभाऊंनी सूत्रं हातात घेतली. कंपनीत नवीन पार्ट आला की जे करतात तेच इथे. ट्रायल घ्यायची, तपासायचं, पास झालं तर हिरवा टॅग, नापास झालं तर लाल. टॅग त्यांनी घरूनच आणले होते. कांबळे मॅडम एका कंपनीच्या परचेसमध्ये आहेत, त्यांच्याकडे खरेदी आली. आणि माझ्याकडे गॅलरी आली, कारण कोपरा सरळ दिसतो तो फक्त माझ्या गॅलरीतून.

कॅमेरा छोटाच हवा असं सगळ्यांचं ठरलं. मोठं धूड कुणालाच आपल्या दारावर रोखलेलं नको होतं. लावायचा कुठे, याचा विचार करावा लागला नाही. गॅलरीच्या छताला एक हूक होता. माझ्या बायकोची, सुलभाची, मनीप्लांटची कुंडी त्याला टांगलेली असायची. सुलभा गेली, पुढच्या उन्हाळ्यात मनीप्लांटही गेला, तेव्हापासून हूक रिकामाच होता.

जाधवभाऊंनी हूक ओढून बघितला. म्हणाले, "लेखक, हे कुणी बसवलं? हत्ती टांगला तरी पडायचं नाही!"

"हिने," मी म्हणालो.

"मग तपासायची गरज नाही," असं म्हणून त्यांनी तपासलेल्या हुकाला हिरवा टॅग लावला.

*

पहिली ट्रायल ऐतिहासिक झाली. दिवस मावळल्यावर सगळी गल्ली कोपऱ्यावर हजर! बायका, म्हातारी माणसं, दूधवाला, सगळे. चित्र असं सुरेख आलं की दूधवाल्याच्या शर्टाची बटणं दिसत होती. टाळ्या झाल्या. जाधवभाऊ हिरवा टॅग काढणार, तेवढ्यात कांबळे मॅडमनी मोबाइलवरची ती क्लिप परत लावली.

"जाधवभाऊ, ह्या सगळ्यांच्या हातात काय आहे?"

प्रत्येकाच्या हातात मोबाइलचा टॉर्च चालू होता! अंधारात कॅमेऱ्याला नीट दिसतंय का, हे प्रत्येकाला नीट बघायचं होतं.

गर्दी पांगल्यावर पुन्हा घेतलं. कोपरा गायब, दूधवाला गायब. लाल टॅग.

*

त्यानंतर मॅडम आणि मी दुकानं पालथी घालायला निघालो. रावेतच्या एका दुकानात सेल्समननं आम्हाला मोठ्या स्क्रीनवर चित्र दाखवलं. लांबच्या गाडीची नंबर प्लेट, झाडावरचा पक्षी, सगळं स्वच्छ. तो एकेक मेगापिक्सेल असा सांगत होता की जणू स्वतः घडवलेत.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग उठल्या, दुकानाचं शटर खाली ओढलं आणि भिंतीवरची बटणं एकामागून एक बंद केली.

पार अंधार. अंधारातूनच मॅडमचा आवाज आला, "हं. आता दाखवा."

स्क्रीनवर नुसत्या मुंग्या. थोड्या वेळानं सेल्समनचा आवाज आला, "मॅडम, तुम्ही स्वतः कुठल्या कंपनीत आहात?"

त्या दिवशी परत येताना मॅडमनी मला एका वाक्यात सगळं शास्त्र सांगितलं. "मेगापिक्सेल मोजू नका सर, अंधारात उजेड आत किती जातो ते बघा. आतला सेन्सर मोठा हवा, लेन्सचं तोंड मोठं हवं." एवढं कळलं की निम्मी दुकानं बाहेरूनच नापास करता येतात. आम्ही केलीसुद्धा.

*

दुसरा कॅमेरा उत्तम होता. तो अंधारात डोळ्यांना न दिसणारे दिवे स्वतःच लावायचा आणि काळंपांढरं चित्र द्यायचा. तिसऱ्या सकाळी जाधवभाऊंनी चहा घेताना फुटेज लावलं आणि कप खाली ठेवला. गल्लीवरून एक पांढरा, आठ पायांचा प्राणी चालला होता. त्याचा एक पाय कोपऱ्यावर, दुसरा थेट डांगे चौकाच्या दिशेला!

"हे काय दाखवायलाव?" ते मलाच म्हणाले.

कोळी होता. कॅमेऱ्याच्या दिव्यांच्या उबेला त्यानं लेन्सवरच घर केलं होतं. जाळं काढलं, तर दुसऱ्या दिवशी परत हजर.

तात्या रोज सकाळी चहाला आणि फुटेजला यायचेच. ते म्हणाले, "त्वांड कोळ्याचं वळखू येतंय. पर माझी आट मानसाची हाय."

लाल टॅग. कोळ्याला नाही, कॅमेऱ्याला.

*

मधल्या काळात पोत्याचं एक प्रकरण झालं. कुठलाही कॅमेरा लावला तरी पल्लवी बसमधून उतरते त्या क्लिपमध्ये बंद टपरीच्या आडोशाला एक पोतं दिसायचं. कधी टपरीच्या डावीकडे, कधी उजवीकडे.

"कुणी तरी रोज कचरा आणून टाकतंय," मॅडम म्हणाल्या.

"आसंल कुणाचं तरी," तात्या बशीतला चहा ओढत म्हणाले.

मॅडम सोडणाऱ्यांतल्या नाहीत. त्यांनी महापालिकेकडे तक्रार केली. सकाळी कचऱ्याची गाडी आली, दोन माणसं उतरली, टपरीभोवती फिरली.

"मॅडम, पोतं कुठंय?"

पोतं नव्हतं. मॅडमनी त्यांना मोबाइलवर फुटेज दाखवलं. एक जण नीट निरखून म्हणाला, "ताई, आम्ही कचरा उचलतो. फोटो नाही उचलत."

*

तिसरा कॅमेराही लाल टॅग घेऊन परत गेला. चौथ्याच्या वेळी जाधवभाऊंनी परीक्षाच घ्यायचं ठरवलं. पल्लवीच्या सुट्टीच्या दिवशी, संध्याकाळी अंधार पडल्यावर एकेकानं कोपऱ्यावर जाऊन उभं राहायचं आणि बाकीच्यांनी माझ्या घरात बसून मोबाइलवर ओळखायचं. टॉर्चला सक्त बंदी!

पहिला माणूस आला. डोक्यापासून गळ्यापर्यंत स्कार्फ गुंडाळलेला, फक्त डोळे उघडे. आपल्याकडे गाडीवरच्या मुली बांधतात तसा.

"पल्लवी," मी म्हणालो.

"मी इथे आहे काका," पल्लवी माझ्या मागून म्हणाली.

ते जाधवभाऊ निघाले. मुलीचा स्कार्फ बांधून गेले होते. "चोर काय तोंड उघडं ठेवून येईल का?" हा त्यांचा सवाल, आणि तो बरोबरच होता.

दुसरा माणूस उघड्या तोंडाने आला, पण तोंडाच्या जागी राखाडी डाग. तरी कांबळे मॅडम लगेच म्हणाल्या, "हे आमचे. दुसरं कोण असं पडलेल्या खांद्यानं चालतं? आणि दळण आणायला सांगितलं होतं, ते विसरलेत."

खरंच विसरले होते! सगळे खूश झाले. जाधवभाऊंचा हात हिरव्या टॅगकडे गेला. तात्यांनी तो वरच्या वर धरला.

"चाल बघून तर आमी म्हस बी वळखतो. त्वांड दिसाया पायजे."

पल्लवीनं भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. महिना संपत आला होता.

*

पाचव्या कॅमेऱ्याला माइक होता. आवाजही रेकॉर्ड होतो, इथून बोललं तर तिकडे ऐकू जातं. सगळ्यांना कौतुक वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीप्रमाणे फुटेज लावलं. कोपऱ्याचं चित्र, लांबून कुत्र्याचं भुंकणं आणि मग, अगदी जवळून, माझा आवाज.

"ऐकलंस का, आज गारठा आहे हं. शाल काढलीय मी वरची."

सकाळी चहा घेऊन मी गॅलरीत बसतो. घरात दुसरं कुणी नसतं, हे समोर बसलेल्या प्रत्येकाला माहीत होतं.

जाधवभाऊंनी क्लिप थांबवली. खिशातून लाल टॅग काढला, उठून गॅलरीत गेले आणि कॅमेऱ्याला बांधला.

"का हो?" मॅडमचे मिस्टर म्हणाले. "चित्र तर चांगलं आहे."

"आपण आवाज मागितलाच नव्हता," जाधवभाऊ म्हणाले. "मागितलं नाही ते आलं, तर रिजेक्ट. नियम म्हणजे नियम."

मॅडम म्हणाल्या, "चहा अजून आहे का सर?" आणि माझ्या आधी त्याच स्वयंपाकघरात गेल्या.

*

सहावा कॅमेरा मॅडमनी एका जुन्या दुकानातून आणला. लिंबाएवढा. तात्या म्हणाले, "ह्या चुन्याच्या डबीला काय दिसणार?" मेगापिक्सेल सगळ्यांत कमी, पण सेन्सर मोठा, लेन्सचं तोंड मोठं, आणि नजर अशी की सगळी गल्ली बघण्याऐवजी तेवढा कोपराच जवळ घ्यायची. त्या तसल्या दिव्याच्या उजेडातही रंगीत चित्र. मॅडमनी सगळ्यांच्या फोनमध्ये ॲप टाकून दिलं, तात्यांच्यासुद्धा.

महिन्याची शेवटची सकाळ. माझ्या बैठकीत सगळे. पल्लवी उभीच होती.

क्लिप सुरू झाली. बस आली, पल्लवी उतरली, बस गेली. तिची निळी ओढणी निळी दिसत होती. टपरीपाशी पोतंही होतं. आधीचे कॅमेरे पल्लवी पुढे गेली की क्लिप तोडायचे. हा चालू राहिला.

पोतं उठलं.

पोत्यानं चादर नीट केली, पल्लवीला थोडं पुढे जाऊ दिलं आणि तिच्या मागून, अंतर राखून, चालायला लागलं. दिव्याखाली आलं तेव्हा त्यानं वर बघितलं. माकडटोपी, पांढऱ्या मिश्या, आणि डाव्या गालावरचा तीळसुद्धा!

जाधवभाऊंनी क्लिप तिथेच थांबवली. पल्लवीनं पडद्याकडे बघितलं, मग तात्यांकडे.

"तात्या, तुम्ही नऊला आडवे होता ना?"

तात्यांनी चष्मा नाकावर चढवला, मोबाइल हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. बराच वेळ बघितलं.

"त्वांड वळखू येतंय," ते म्हणाले. "ह्यो घ्या."

जाधवभाऊंनी हिरवा टॅग बांधला. पल्लवीनं नाक ओढलं आणि म्हणाली, "मग आता आजपासून घरी झोपायचं. शब्द म्हणजे शब्द."

"व्हय."

दुसऱ्या दिवशीच्या फुटेजमध्ये टपरीपाशी काही नव्हतं. बस आली, पल्लवी उतरली, दोन पावलं चालली आणि थांबली. तिनं सरळ माझ्या गॅलरीकडे, त्या लिंबाएवढ्या कॅमेऱ्याकडे बघितलं आणि हात हलवला. मग घराकडे गेली.

थोड्या वेळानं तात्या एकटेच वर आले. डोळे तांबारलेले, हातात फोन, त्यावर कोपरा अजून चालूच. गॅलरीच्या दारात उभं राहून त्यांनी हुकाला टांगलेल्या कॅमेऱ्याकडे खालून वर नीट बघितलं.

"लेखक," ते हळू आवाजात म्हणाले, "ह्याच्यातनं आपल्याला बी हात हालवता येतो का?"